झहीर खान : वूस्टरच्या आधी आणि नंतर

९२ कसोटी, ३११ बळी, सरासरी ३२.९४. झहीर खानच्या कारकिर्दीचे हे आकडे कोरडेपणाने वाचले तर हा गोलंदाज चांगला होता, पण थोरांच्या पंगतीतला नव्हता, असा निष्कर्ष निघतो. मला तो मान्य नाही. ही सरासरी दोन वेगवेगळ्या गोलंदाजांची मिळून निघालेली आहे. एक २००० ते २००५ या काळात खेळला, दुसरा इंग्लंडमधल्या वूस्टरच्या एका हंगामानंतर, २००६ च्या शेवटी आला. नाव, हात आणि गाव तेवढं एकच. हा बदल कसा घडला हे कळायचं, तर बरंच मागे जावं लागतं.

भारताने १९३२ साली लॉर्ड्सवर पहिली कसोटी खेळली, तेव्हा आपली ताकद वेगवान गोलंदाजीत होती. मोहम्मद निसार आणि अमरसिंग या जोडीने इंग्लंडच्या आघाडीच्या फलंदाजांना हादरवलं होतं आणि निसारने पहिल्याच डावात पाच बळी घेतले होते. पुढच्या काही दशकांत मात्र ही धार गेली. मुंबईच्या रमाकांत देसाईंसारखा चिवट अपवाद सोडला, तर नवा चेंडू म्हणजे फिरकीपटूंच्या हाती लवकर जुना करून द्यायची वस्तू, अशीच समजूत होती. बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकटराघवन यांच्या काळात तर गावसकरांनीही सुरुवातीची षटकं टाकली आहेत. १९७८ मध्ये कपिल देव आला आणि चित्र बदललं. त्याच्या जोडीला करसन घावरी हा डावखुरा मध्यमगती गोलंदाज होता, कसोटीत १०९ बळी घेणारा. १९८१ मध्ये घावरी संघाबाहेर गेला आणि त्यानंतर जवळपास दोन दशकं डावखुरा वेगवान गोलंदाज भारतीय संघात टिकलाच नाही. वासिम अक्रम, चामिंडा वास यांना आपण दुसऱ्यांच्या संघात पाहत राहिलो.

दरम्यान एक महत्त्वाची गोष्ट घडली होती. १९८७ मध्ये चेन्नईत एमआरएफ पेस फाउंडेशन सुरू झालं. ऑस्ट्रेलियाचा डेनिस लिली तिथे शिकवायला येऊ लागला आणि भारताकडून खेळलेले टी. ए. शेखर रोजचं काम पाहू लागले. वेगवान गोलंदाज केवळ जन्माला येत नाही, तो घडवताही येतो, हे मानणारी देशातली ही पहिली ठोस व्यवस्था होती. झहीर तिच्याच हाताखालून गेला.

पण आधी श्रीरामपूर. तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं, उसाच्या पट्ट्यातलं, दौंड-मनमाड रेल्वेमार्गावरचं हे तालुक्याचं गाव. ७ ऑक्टोबर १९७८ रोजी झहीरचा जन्म इथे झाला. वडील बख्तियार खान छायाचित्रकार, आई शिक्षिका. शाळा गावातच झाली. मुलगा अभ्यासात बरा होता आणि अभियांत्रिकीची वाट मोकळी होती. त्या काळी अशा घरांत हा प्रश्न एका दिशेनेच सुटायचा. वडिलांनी तो उलटा सोडवला: देशात अभियंते पुष्कळ आहेत, तू वेगवान गोलंदाज हो. निमशहरी मध्यमवर्गीय घरातून नव्वदच्या दशकात असं सांगितलं जाणं ही छोटी गोष्ट नव्हती. या कारकिर्दीचं श्रेय वाटताना पहिला वाटा मी त्यांनाच देईन.

सतरा वर्षांचा झहीर मुंबईत आला आणि सुधीर नाईक यांच्या नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये दाखल झाला. नाईक स्वतः तीन कसोटी खेळलेले सलामीवीर. १९७०-७१ च्या हंगामात मुंबईला रणजी करंडक जिंकून देणारे कर्णधार. मुंबईच्या क्लब क्रिकेटमध्ये त्यांच्या शब्दाला वजन होतं. त्यांनी या गावाकडच्या मुलाला उभं राहायला जागा दिली. पुढे शेखर यांची नजर त्याच्यावर पडली आणि तो चेन्नईला गेला. मुंबईच्या रणजी संघात जागा मिळणं अवघड होतं, म्हणून तो १९९९-२००० च्या हंगामात बडोद्याकडून खेळू लागला. २००० मध्ये बंगळुरूला राष्ट्रीय क्रिकेट अकादमी सुरू झाली, तेव्हा तिच्या पहिल्या तुकडीत तो होता. पुढच्याच हंगामात बडोद्याने अंतिम सामन्यात रेल्वेला हरवून रणजी करंडक जिंकला, त्यातही झहीरच्या गोलंदाजीचा मोठा हात होता.

तोवर भारतीय संघाचं दारही उघडलं होतं. ऑक्टोबर २००० मध्ये नैरोबीत आयसीसी नॉकआउट स्पर्धा झाली. सामनानिश्चितीच्या प्रकरणाने भारतीय क्रिकेटची अब्रू गेलेली, सौरव गांगुली नवा कर्णधार आणि संघात नव्या पोरांची गरज. केनियाविरुद्ध झहीर आणि युवराज सिंग एकाच सामन्यात पदार्पण करते झाले. चार दिवसांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध झहीरने स्टीव्ह वॉचा यॉर्करवर त्रिफळा उडवला. त्याच दिवशी त्याला बावीस वर्षं पूर्ण झाली होती. उंच उडी घेऊन, अंग पूर्ण वळवून, जोर लावून टाकलेला तो चेंडू पाहताना आपल्याकडेही असं काही असू शकतं, या जाणिवेने अंगावर काटा आला होता. त्या काळात टीव्हीसमोर बसलेल्या कुणालाही विचारा. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात तो पहिली कसोटी खेळला. बांगलादेशची ती इतिहासातली पहिली कसोटी होती आणि गांगुलीची कर्णधार म्हणून पहिली.

पुढची तीन वर्षं चढती होती. २००२ ची नॅटवेस्ट मालिका आठवताना आपण गांगुलीने लॉर्ड्सच्या गॅलरीत भिरकावलेला शर्ट आठवतो. विजयी धाव निघाली, तेव्हा कैफबरोबर खेळपट्टीवर झहीर होता, हे सहज विसरतो. २००३ च्या विश्वचषकात त्याने १८ बळी घेतले. सेंच्युरियनला न्यूझीलंडविरुद्ध पहिल्याच षटकात दोन गडी बाद करून त्याने सामना तिथेच फिरवला.

आणि मग २३ मार्च २००३, जोहान्सबर्ग. ऑस्ट्रेलियाविरुद्धचा अंतिम सामना. झहीरच्या पहिल्या षटकात १५ धावा गेल्या. चेंडू दिशाहीन, तोंडाने फलंदाजांशी बाचाबाची, छाती भरून आलेली आणि डोकं जागेवर नाही. सात षटकांत ६७ धावा, बळी एकही नाही. त्या सामन्यावर खूप लिहिलं गेलं आहे. मला त्यातून एवढंच दिसतं की वेग आणि जोश यांच्या बळावर उभा असलेला गोलंदाज मोठ्या क्षणी किती उघडा पडतो. त्याच्याजवळ दुसरा बेत नव्हता.

त्यानंतर शरीराने साथ सोडायला सुरुवात केली. डिसेंबर २००३ मध्ये ब्रिस्बेनला त्याने ऑस्ट्रेलियाचे पाच गडी बाद केले आणि त्याच सामन्यात मांडीचा मागचा स्नायू दुखावला. ॲडलेडच्या कसोटीत त्याच्या जागी इरफान पठाण आला. तोही डावखुरा, तोही बडोद्याचा आणि अवघा एकोणीस वर्षांचा. पठाण लोकांचा लाडका झाला, झहीर आत-बाहेर करत राहिला. २००४ मध्ये ढाक्यात अकराव्या क्रमांकावर येऊन त्याने ७५ धावा केल्या आणि सचिनबरोबर १३३ धावांची भागीदारी रचली. कौतुक झालं, पण ते फलंदाजीचं. २००५ संपता संपता नियामक मंडळाच्या करारात त्याची श्रेणी खाली आली आणि पुढच्या वर्षी संघातली जागाही गेली. सत्तावीस वर्षांचा, दुखापतींनी पोखरलेला, वेग उतरलेला गोलंदाज. आपल्याकडे अशांची गोष्ट बहुधा इथेच संपते.

२००६ च्या उन्हाळ्यात तो वूस्टरशायर या इंग्लिश कौंटीकडून खेळायला गेला. पदार्पणाच्याच सामन्यात त्याने दहा बळी घेतले. कौंटीच्या एखाद्या खेळाडूने असं करण्याला शंभरहून अधिक वर्षं लोटली होती. चेम्सफर्डला इसेक्सचे पहिले नऊच्या नऊ गडी त्याने बाद केले. दहावाही मिळाला असता, पण यष्टिरक्षकाच्या हातून झेल सुटला. हंगामअखेर त्याच्या नावावर ७८ बळी होते.

आकडे मोठे आहेत, पण खरं काम त्यांच्या पाठीमागे चाललं होतं. कौंटीत जवळपास रोज खेळावं लागतं. एक सामना संपला की बस पकडून दुसऱ्या गावी, परवा पुन्हा वीस-पंचवीस षटकं. धावत येऊन सगळा जोर लावून टाकायची पद्धत अशा वेळापत्रकात आठवडाभरही टिकत नाही. झहीरने चेंडू टाकण्याआधीची धाव आखूड केली. उडी काढून टाकली. वेग थोडा सोडला, पण मनगट आणि शिवण हाताशी ठेवली. इंग्लंडमध्ये वापरल्या जाणाऱ्या ड्यूक्स चेंडूची शिवण जास्त वेळ उठावदार राहते, त्यामुळे तो हातातून सुटताना शिवण सरळ आहे की कलंडली, याचं उत्तर लगेच मिळतं. रोज शेकडो चेंडू टाकताना हे उत्तर बोटांना पाठ होत गेलं.

तिथून परतलेला झहीर काय करायचा, ते नीट पाहण्यासारखं आहे. डावखुऱ्या फलंदाजाला तो यष्टीच्या दुसऱ्या बाजूने, राउंड द विकेट यायचा. त्या कोनातून चेंडू आत येतोय असं वाटायचं आणि टप्पा पडल्यावर तो बाहेर जायचा. पुढचा मात्र खरंच आत यायचा, तोही त्याच धावेतून, त्याच हातातून. दक्षिण आफ्रिकेचा ग्रॅम स्मिथ या कोड्यात वर्षानुवर्षं अडकला. चेंडू जुना झाला की झहीर धावताना दुसऱ्या हाताचा तळवा चेंडूवर ठेवायचा. चकाकी कोणत्या बाजूला आहे हे दिसलं नाही, तर रिव्हर्स स्विंग, म्हणजे जुन्या चेंडूचं नेहमीच्या उलट दिशेला वळणं, कुठे जाणार हे फलंदाज आधी ओळखू शकत नाही. इंग्लंडच्या जेम्स अँडरसनने ही युक्ती झहीरला पाहून उचलल्याचं मोकळेपणाने सांगितलं आहे. स्विंग गोलंदाजीच्या मायदेशात जन्मलेल्या अँडरसनने श्रीरामपूरच्या माणसाकडून काही घ्यावं, यापेक्षा मोठी पावती कोणती?

२००६ च्या अखेरीस झहीर दक्षिण आफ्रिका दौऱ्यावर संघात परतला. भारताने जोहान्सबर्गला तिथली आपली पहिली कसोटी जिंकली. त्याच हंगामात रणजीच्या अंतिम सामन्यात त्याने मुंबईकडून बंगालची फळी मोडली. पण नव्या झहीरची ओळख जगाला पटली ती जुलै २००७ मध्ये ट्रेंट ब्रिजवर. तो फलंदाजीला आला, तेव्हा खेळपट्टीवर जेलीच्या गोळ्या पडलेल्या होत्या. त्याने त्या बाजूला केल्या, तर पुन्हा दिसल्या. तो चिडला, इंग्लंडच्या पीटरसनकडे बॅट रोखून बोलला. जोहान्सबर्गलाही तो असाच चिडला होता. या वेळी मात्र राग चेंडूच्या टप्प्यावर उतरला नाही. पहिल्या डावात चार, दुसऱ्यात पाच. भारत सात गडी राखून जिंकला आणि १९८६ नंतर प्रथमच इंग्लंडमध्ये कसोटी मालिका आपली झाली. पुढच्या वर्षी विस्डेन या क्रिकेटच्या इंग्लिश वार्षिकाने निवडलेल्या पाच सर्वोत्तम क्रिकेटपटूंत त्याचं नाव आलं.

या काळातलं त्याचं आणखी एक काम धावफलकात दिसत नाही. मिड-ऑफ किंवा मिड-ऑनला उभा राहून तो गोलंदाजी करणाऱ्या पोराशी दर एक-दोन चेंडूंनी बोलायचा. ईशांत शर्मा, श्रीशांत, आर. पी. सिंग, प्रवीण कुमार, सगळ्यांनी हे अनुभवलं. जुन्या चेंडूची कोणती बाजू सांभाळायची, क्षेत्ररक्षक कुठे हलवायचा, हे मैदानावरच ठरायचं. धोनीच्या संघात गोलंदाजांचा कर्णधार तोच होता.

२०११ च्या विश्वचषकात हे सगळं एकत्र आलं. झहीरने २१ बळी घेतले, शाहिद आफ्रिदीइतकेच, म्हणजे स्पर्धेत सर्वाधिक. बंगळुरूला इंग्लंड ३३९ च्या लक्ष्याकडे दोन बाद २८० वरून आरामात निघाला होता. धोनीने झहीरला परत गोलंदाजीला आणलं आणि त्याने बेल व स्ट्रॉस यांना लागोपाठच्या चेंडूंवर बाद केलं. पुढच्या षटकात कॉलिंगवूडचा त्रिफळा. सामना बरोबरीत सुटला. उपांत्यपूर्व फेरीत ऑस्ट्रेलियाचा मायकेल हसी बोटांच्या पेरांत धरून टाकलेल्या संथ चेंडूवर फसला. हा नकल बॉल आज प्रत्येक टी-२० गोलंदाजाकडे असतो, तेव्हा तो फारसा कुणी पाहिला नव्हता.

अंतिम सामना वानखेडेवर. तिथली खेळपट्टी तयार करण्याची जबाबदारी होती सुधीर नाईक यांच्यावर, म्हणजे ज्यांनी सतरा वर्षांच्या झहीरला मुंबईत पहिल्यांदा हात दिला त्यांच्यावर. झहीरची पहिली तीन षटकं निर्धाव गेली. पहिल्या स्पेलचा, म्हणजे सलग टाकलेल्या षटकांचा, हिशेब पाच षटकं, तीन निर्धाव, सहा धावा, एक बळी. शेवटच्या दोन षटकांत त्याला मार पडला हे खरं आहे आणि ते लपवायचं कारण नाही. पण आठ वर्षांपूर्वीच्या त्या १५ धावांच्या षटकाशेजारी हा स्पेल ठेवून पाहिला की वूस्टरमध्ये काय घडलं ते दिसतं.

नंतरचा उतार वेगाने आला. जुलै २०११ मध्ये लॉर्ड्सवर त्याने इंग्लंडचे दोन्ही सलामीवीर बाद केले आणि पहिल्याच दिवशी मांडीचा स्नायू पुन्हा गेला. तो मालिकेतून बाहेर पडला, भारत ४-० ने हरला. त्या पराभवाची बरीच कारणं सांगितली गेली. माझ्या मते झहीरचं लंगडत बाहेर जाणं हे त्यातलं पहिलं. शस्त्रक्रिया, पुनरागमन, पुन्हा वगळणं असं चक्र चाललं. २०१३ मध्ये युवराजबरोबर फ्रान्समध्ये कसून तयारी करून तो परतला आणि जोहान्सबर्गला जॅक कॅलिसला पायचीत करून त्याने तीनशेवा बळी घेतला. वेगवान गोलंदाजांत कपिलनंतर हा टप्पा गाठणारा तो पहिला भारतीय.

शेवटची कसोटी फेब्रुवारी २०१४ ची, वेलिंग्टनची. न्यूझीलंडच्या मॅकलमने त्रिशतक ठोकलं त्या डावात पस्तिशीतल्या झहीरने ५१ षटकं टाकली आणि पाच बळी घेतले. ऑक्टोबर २०१५ मध्ये त्याने आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून निवृत्ती जाहीर केली, २०२० मध्ये पद्मश्री मिळाली.

आता पुन्हा त्या ३२.९४ कडे. ३११ पैकी २०० हून अधिक बळी परदेशातले आहेत. कपिल, श्रीनाथ यांच्याप्रमाणेच झहीरनेही मायदेशात बहुतेक वेळा फिरकीला पोसणाऱ्या खेळपट्ट्यांवर मारा केला. दुसऱ्या टोकाला त्याला कायमचा वेगवान जोडीदार क्वचितच लाभला. बुमराह, शमी, सिराज यांना तो लाभला, संघाकडे तंदुरुस्तीची व्यवस्था आली आणि एका वेळी चार वेगवान गोलंदाज खेळवायची हिंमतही आली. या पिढीशी झहीरची आकड्यांनी तुलना करणारे त्याचा काळ विसरतात. शमीने २०१३ मध्ये कसोटी पदार्पण केलं, तेव्हा झहीर अजून खेळत होता आणि जोहान्सबर्गच्या त्या कसोटीत दोघे एकाच माऱ्यात होते.