‘ग्रूप’ म्हणजे नक्की काय? लेव्हल एडिटरमधल्या एका शब्दाची पार्श्वभूमी

लेव्हल एडिटरमध्ये, म्हणजे व्हिडिओ गेममधली जागा रचायच्या सॉफ्टवेअरमध्ये, घराच्या खिडकीवर क्लिक केलं, तर काय सिलेक्ट व्हावं? काच, चौकट, अख्खी खिडकी की सगळं घर? याचं उत्तर प्रत्येक एडिटरने आपापल्या परीने दिलं आणि त्यासाठी शब्द मात्र तेच ते दोन-तीन वापरले. त्यामुळे एका एडिटरमधला ‘ग्रूप’ म्हणजे एकत्र हलणारा गठ्ठा, तर दुसऱ्यातला ‘ग्रूप’ म्हणजे वस्तूवर चिकटवलेली नुसती चिठ्ठी. एडिटर बदलणाऱ्याचे पहिले काही दिवस यातच जातात.

‘डूम’ या गेमच्या (१९९३) काळात हा प्रश्न फारसा नव्हता. नकाशा सपाट होता आणि त्या काळचे एडिटर एका वेळी एकाच प्रकारात काम करायचे: बिंदू, रेषा, सेक्टर (रेषांनी वेढलेली जागा) किंवा ‘थिंग्ज’ (राक्षस, बंदुका अशा वस्तू). रेषांच्या मोडमध्ये असाल तर क्लिक रेषेवरच बसणार. कोणतं बटण कोणता दरवाजा उघडतं, हे दोन्हीकडे सारखाच टॅग क्रमांक टाकून ठरायचं.

खरी अडचण सुरू झाली ती ‘क्वेक’पासून (१९९६). आता जग ब्रशचं, म्हणजे भरीव ठोकळ्यांचं होतं. साधं टेबल घ्या: वरची फळी आणि चार पाय, असे पाच ब्रश. फळी धरून सरकवली की पाय जागच्या जागी उभे. मॅप फाईल साध्या मजकुराची होती आणि तिच्यात दोनच पायऱ्या होत्या: एंटिटी (दरवाजा, दिवा अशी गेमला ओळखू येणारी वस्तू) आणि तिच्या पोटातले ब्रश. दरवाजाचे ब्रश ‘फंक-डोअर’ या एंटिटीच्या पोटात आणि ज्यांना कुणी वाली नाही ते सगळे ‘वर्ल्डस्पॉन’च्या, म्हणजे अख्ख्या जगाच्या एंटिटीच्या. टेबलाला बसवायला तिसरी पायरीच नव्हती.

मग पळवाट निघाली. ‘क्वेक २’च्या (१९९७) काळात ‘फंक-ग्रूप’ नावाची एक लुटुपुटीची एंटिटी रुळली. गेममध्ये तिला काही काम नाही. नकाशा कंपाईल करताना, म्हणजे गेमला वाचता येईल अशा रूपात बदलताना, तिच्यातले ब्रश पुन्हा ‘वर्ल्डस्पॉन’मध्ये ओतले जातात. ती फक्त एडिटरच्या सोयीसाठी. तिची मर्यादा लगेच जाणवायची, कारण तिच्या पोटात फक्त ब्रश राहतात. दिव्याचा खांब ब्रशचा, पण उजेड ही स्वतंत्र पॉइंट एंटिटी, म्हणजे ब्रश नसलेला नुसता बिंदू. ग्रूप सरकवला की खांब जातो आणि उजेड मागे हवेतच लोंबकळतो. एका अंधाऱ्या गल्लीच्या मधोमध कारण नसताना प्रकाशाचा डाग दिसला, तर तिथे पूर्वी कधीतरी खांब होता असं खुशाल समजावं.

त्याच सुमारास आलेल्या ‘वर्ल्डक्राफ्ट’ने (पुढे ‘हॅमर’) हा प्रश्न दोन भागांत तोडला आणि माझ्या मते इतकी स्वच्छ तोड नंतर क्वचितच कुणाला जमली. ‘ग्रूप’ हा क्लिकसाठी: ब्रश आणि एंटिटी दोन्ही एकत्र बांधायचे आणि ग्रूपमध्ये पुन्हा ग्रूपही घालायचा. ‘व्हिसग्रूप’ हा नजरेसाठी: नाव द्यायचं, यादीतली खूण काढली की छप्पर गायब, खोली वरून मोकळी. शिवाय सिलेक्शनचे तीन स्तर बटणांवर होते: ग्रूप, ऑब्जेक्ट, सॉलिड. म्हणजे तीच खिडकी, तोच क्लिक. घर हवंय की चौकट, हे वापरणारा त्या क्षणी ठरवणार. ‘इग्नोर ग्रूप्स’ दाबलं की गाठी न सोडताही आतली एखादी गोष्ट उचलता यायची. खोट एवढीच, की जुन्या फाईलमध्ये प्रत्येक वस्तूमागे एकाच व्हिसग्रूपचा क्रमांक मावायचा. दुसऱ्या मजल्यावरची खिडकी ‘दुसरा मजला’मध्ये ठेवायची की ‘खिडक्या’मध्ये, हा वाद त्यातूनच आला. २००४च्या सुमारास आलेल्या चौथ्या हॅमरमध्ये एक वस्तू अनेक व्हिसग्रूपमध्ये राहू लागली, आणि प्रकारानुसार आपोआप वर्गवारी करणारे व्हिसग्रूपही आले.

‘अनरिअल’ या गेमच्या (१९९८) एडिटरने मात्र उलटा रस्ता धरला. तिथे ‘ग्रूप’ हा अ‍ॅक्टरचा एक गुणधर्म होता (लेव्हलमधल्या प्रत्येक वस्तूला तिथे अ‍ॅक्टर म्हणतात), त्यात स्वल्पविराम देऊन हवी तितकी नावं लिहायची. खिडकी एकाच वेळी ‘दुसरा मजला’ही आणि ‘खिडक्या’ही. पण या ग्रूपमधली एक खिडकी हलवली तर बाकीच्या ढिम्म. तो बांधत नव्हता; शोधायला, लपवायला, एकदम सिलेक्ट करायला होता. थोडक्यात, हॅमरवाले ज्याला व्हिसग्रूप म्हणत त्याला इथे ग्रूप म्हणत, आणि हॅमरवाल्यांच्या ग्रूपला इथे जागाच नव्हती.

पुढे बांधणारा ग्रूप हवाच, अशी वेळ आली. मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरमधून आलेल्यांची बोटं आपोआप कंट्रोल-जीवर जायची. चौथ्या अनरिअल इंजिनपर्यंत (२०१४) नावांची अदलाबदल पूर्ण झाली होती: ‘ग्रूप’ म्हणजे आता एकत्र हलणारा गठ्ठा, आणि जुन्या ग्रूपचं नाव ‘लेयर’. नव्या माणसाला हे बरोबर वाटतं. जुन्यांची तक्रार वेगळी आहे, आणि मला ती पटते. एक तर जुनी ट्यूटोरियल्स एका रात्रीत खोटं बोलू लागली. दुसरं, लेयर म्हटलं की डोळ्यांपुढे थर येतात, एकावर एक, आणि वस्तू त्यातल्या एकाच थरात. इथे तर एक अ‍ॅक्टर चार लेयरमध्ये सुखाने राहतो. ‘टॅग’ किंवा ‘यादी’ म्हटलं असतं तरी चाललं असतं.

‘लेयर’ शब्दाचे हाल तेवढ्यावर थांबले नाहीत. युनिटी या गेम इंजिनमध्ये लेयर ३२च, कारण ते एका पूर्णांकाच्या ३२ बिटांवर बसवलेले. त्यांचं मुख्य काम कॅमेऱ्याने काय दाखवावं आणि कुणी कुणाला धडकावं हे ठरवणं. पण त्याच यादीत डोळ्याचं आणि कुलपाचं चिन्हही होतं, म्हणून लोक झाडं लपवायला एक लेयर खर्ची घालायचे आणि मग टकरींच्या हिशेबाला लेयर कमी पडायचे. हायरार्कीतल्या, म्हणजे दृश्यातल्या वस्तूंच्या यादीतल्या, प्रत्येक वस्तूशेजारी स्वतंत्र डोळा आला तो २०१९मध्ये. त्याच वर्षी ब्लेंडर या मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरनेही आपले २० ठरावीक लेयर मोडीत काढून कलेक्शन आणले, आणि त्यांतल्या अनेकांमध्ये एकच वस्तू राहू शकते. गोडो या इंजिनमध्ये तर दोन्ही अर्थ एकाच खिडकीत नांदतात: नोडला (तिथल्या वस्तूला) जोडायचा ‘ग्रूप’ म्हणजे स्क्रिप्टने हाक मारण्यासाठीची चिठ्ठी, आणि वरच्या पट्टीतलं ग्रूपचं बटण म्हणजे मुलांवर, म्हणजे आत जोडलेल्या नोडवर, क्लिक केलं तरी आईच सिलेक्ट होणार.

दरम्यान लेव्हल इतक्या मोठ्या झाल्या, की पुष्कळ लोक दृश्यावर क्लिक करेनासेच झाले; शेजारच्या यादीतून, फोल्डर उघडून वस्तू निवडतात. युनिटीच्या या यादीत फोल्डर नाहीत म्हणून रिकामा गेम ऑब्जेक्ट फोल्डरसारखा वापरायची सवय लागली. पण तो आईबाप होतो, म्हणजे तो हलला की मुलं हलतात. अनरिअलच्या आउटलायनरमधलं (तिथल्या वस्तूंच्या यादीतलं) फोल्डर असं काही करत नाही. पाचव्या अनरिअलमध्ये (२०२२) त्यावर डेटा लेयर आले, आणि त्यातला रनटाइम प्रकार गेम चालू असताना खरोखर लोड-अनलोड होतो. पूर्वी खूण काढली की वस्तू फक्त एडिटरमध्ये दिसेनाशी व्हायची. आता हा प्रकार निवडला असेल तर ती खेळणाऱ्याच्या जगातूनही जाऊ शकते.

क्वेकच्या गोटात मात्र जुनी फाईल अजून तशीच आहे. ट्रेंचब्रूम या आजच्या एडिटरमध्ये लेयरही आहेत आणि ग्रूपही. ग्रूपवर डबल-क्लिक केलं की तो उघडतो, आतल्या वस्तू सुट्या सिलेक्ट होतात, बाहेर डबल-क्लिक केलं की मिटतो. दिव्याचा खांब आणि त्याचा उजेड इथे एकत्र हलतात. ते साधलंय ‘फंक-ग्रूप’वरच, जास्तीच्या काही ओळी लिहून: उजेडाच्या एंटिटीत तिच्या ग्रूपचा क्रमांक नोंदवलेला असतो. तीच फाईल रेडियंट या जुन्या एडिटरमध्ये उघडली, तर त्या ओळीचा अर्थ त्याला कळत नाही. खांब सरकतो, उजेड मागेच राहतो.