निथळणारी भिंत आणि दाब तोलणारी भिंत

उंच इमारतीच्या भिंतीवर धातूचे, दगडाचे किंवा सिरॅमिकचे पॅनेल चढवले की पॅनेल आणि मूळ भिंत यांच्यामध्ये एक पोकळी राहते. या रचनेला सरसकट ‘रेनस्क्रीन’ म्हटले जाते. प्रत्यक्षात या एका नावाखाली दोन वेगळ्या पद्धती येतात. पहिलीत पोकळीत शिरलेले पाणी निथळू दिले जाते आणि वारा खेळवून ओल वाळवली जाते. दुसरीत पोकळीतील हवेचा दाब बाहेरच्या दाबाच्या बरोबरीला आणून पाणी आत ढकलले जाण्याचे कारणच काढून घेतले जाते. नकाशावर दोन्हींचा उभा छेद जवळजवळ सारखाच दिसतो, आणि गोंधळाचे मूळ तिथेच आहे.

सांध्यातून पाणी आत जाते ते थेंबाच्या स्वतःच्या वेगामुळे, गुरुत्वाकर्षणामुळे, पृष्ठताणामुळे, केशाकर्षणामुळे, किंवा पॅनेलच्या दोन बाजूंच्या हवेच्या दाबातील फरकामुळे. यांपैकी पहिल्या चार कारणांचा बंदोबस्त सांध्याच्या आकारानेच होतो: पॅनेलची कड दुसऱ्यावर चढवावी, उतार बाहेरच्या दिशेला द्यावा, खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच ठेवावी आणि फट इतकी रुंद ठेवावी की पाणी तिच्यात धरून राहणार नाही. दाबाचा फरक मात्र असा आवरत नाही. सेकंदाला 30 मीटर वेगाचा वारा सुमारे 540 पास्कल दाब देतो आणि एवढा दाब सुमारे 55 मिलिमीटर उंचीचे पाणी तोलून धरतो. म्हणजे सांध्याच्या मागे 20 मिलिमीटर उंचीची पट्टी उभी केली असेल, तर जोराच्या वादळात पाणी ती ओलांडू शकते.

निथळणाऱ्या भिंतीने हे आधीच मान्य केलेले असते. थोडे पाणी आत येणारच, असे धरून ती पॅनेलच्या पाठीवरून ओघळणाऱ्या पाण्याला वाट देते. आतल्या भिंतीवर जलरोधक थर असतो, आणि खिडक्यांच्या माथ्यावर व ठरावीक मजल्यांवर बसवलेले फ्लॅशिंग, म्हणजे पाणी वळवणारी पट्टी, ते पाणी पुन्हा बाहेर आणून सोडते. पोकळी खाली आणि वर उघडी ठेवली की उन्हाने तापलेली हवा वर चढते व उरलेली ओल घेऊन जाते. या पद्धतीचा घात बहुधा बारीकसारीक गोष्टी करतात: फुगून पुढे आलेले उष्णतारोधक, पोकळीत पडलेला बांधकामाचा मसाला, उलट्या उताराचे फ्लॅशिंग, किंवा कोणीतरी ‘गळती थांबावी’ म्हणून सीलंटने बुजवलेली निचऱ्याची छिद्रे. शेवटची चूक सद्हेतूने होते, म्हणूनच ती लवकर लक्षात येत नाही.

दाब तोलण्याची कल्पना कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतील किर्बी गार्डन यांनी 1963 मध्ये नेमकेपणाने मांडली. बाहेरचा वारा फटींतून पोकळीत येऊ द्यावा. तिथला दाब बाहेरच्याइतका झाला की पॅनेलमधून पाणी ढकलणारे बळ उरत नाही. मात्र वाऱ्याचा भार मग आतल्या थरावर पडतो, त्यामुळे तो थर हवाबंद आणि तो भार सोसण्याइतका ताठ असावा लागतो. तो हवा सोडत असेल, तर पोकळीतला दाब उतरत राहतो आणि बरोबरी कधी साधतच नाही.

याहून अवघड अट कप्प्यांची आहे. इमारतीच्या एका बाजूवर वारा दाब देत असताना कोपऱ्याला वळसा घालताच त्याच वाऱ्याची ओढ लागते. पोकळी कोपऱ्यावर अखंड असेल, तर हवा दाबाच्या बाजूने आत शिरून पोकळीतून आडवी वाहते, ओढीच्या बाजूने बाहेर पडते आणि जाताना पावसाचे पाणी आत खेचते. म्हणून गार्डन यांनी कोपऱ्यावर पोकळी बंद करावी आणि कोपऱ्यापासून सुमारे 20 फुटांपर्यंत दर 4 फुटांवर उभे अडसर घालावेत, असे सुचवले. भिंतीच्या मधल्या भागात दाब सावकाश बदलत असल्याने तिथे कप्पे मोठे चालतात. शिवाय वाऱ्याचा झोत क्षणाक्षणाला बदलतो आणि पोकळीतला दाब त्याच्या किंचित मागे राहतो, तेव्हा या भिंतीलाही निचऱ्याची वाट लागतेच.

पहिल्या भिंतीला हवेचा लांब, मोकळा प्रवाह हवा असतो, तर दुसरीला तोच प्रवाह तोडायचा असतो. त्यामुळे एकीची कसोटी दुसरीला लावता येत नाही. अमेरिकन आर्किटेक्चरल मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशननेही त्यांच्यासाठी वेगळ्या चाचण्या ठेवल्या: दाब तोलणाऱ्या रचनेसाठी 508 क्रमांकाची आणि निचरा-वायुवीजनाच्या रचनेसाठी 509 क्रमांकाची.

पोकळीतले आगरोधक अडसर हेच कप्पे, असा युक्तिवादही कधीकधी होतो. तो सहसा टिकत नाही. वायुवीजनाच्या पोकळीतील आडवा आगरोधक अडसर बहुधा पुढे फट सोडून बसवलेला असतो आणि त्याची कड आगीच्या उष्णतेने फुगल्यावरच ती फट बुजते; पावसाळी वादळात ती उघडीच असते.

पॅनेलच्या माहितीपत्रकात ‘दाब-समतोल’ असा शब्द असला, तरी माझ्या मते छेद बाजूला ठेवून आधी कोपऱ्याचा आडवा नकाशा मागवावा. तिथे पोकळी अडवलेली नसेल, तर ती भिंत निथळणारीच समजावी आणि तिची छिद्रे, उतार व फ्लॅशिंग त्याच हिशेबाने तपासावेत.