डिझेल मोटारीचे कूलंट बदलणे

डिझेल मोटारीचे कूलंट बदलणे : इंजिन थंड ठेवणाऱ्या प्रणालीतील जुने द्रव काढून, प्रणाली धुऊन, नवे मिश्रण भरणे आणि आत कोंडलेली हवा बाहेर काढणे. हे काम साध्या अवजारांनी घरीही करता येते. जुने द्रव सोडणे हा त्यातला सोपा भाग. काम बिघडते ते इंजिनात मागे राहिलेल्या दोन गोष्टींमुळे : जुने पाणी आणि हवा.

कूलंटमध्ये एथिलीन ग्लायकॉल किंवा प्रोपिलीन ग्लायकॉल, पाणी आणि गंजरोधक रसायने असतात. एथिलीन ग्लायकॉल व पाण्याचे निम्मे-निम्मे मिश्रण सुमारे −३७° से. तापमानाला गोठते. शुद्ध एथिलीन ग्लायकॉल मात्र −१३° से.च्या आसपासच गोठते आणि पाण्यापेक्षा उष्णताही कमी वाहून नेते; त्यामुळे पाणी न घालता नुसते कूलंट ओतणे ही घोडचूक आहे. कालांतराने आधी संपतात ती गंजरोधके. सिलिकेटयुक्त जुन्या धाटणीचे कूलंट साधारण २ वर्षे, तर सेंद्रिय आम्लांवर आधारलेले ५ वर्षे चालते. रंगावरून प्रकार ओळखता येत नाही, कारण रंगाचे कोणतेही सर्वमान्य प्रमाण नाही. मोटारीच्या पुस्तिकेत दिलेला प्रकारच घ्यावा. न जुळणारे दोन प्रकार एकत्र आले तर गंजरोधके निकामी होतात, कधी चिकट साका धरतो आणि गरम कूलंटवर चालणाऱ्या केबिन हीटरच्या बारीक वाटा तुंबतात.

सुरुवात थंड इंजिनावरच करावी. गाडी रात्रभर उभी असलेली उत्तम. गरम प्रणालीचे झाकण उघडले की दाब एकदम उतरतो, आतले द्रव तत्क्षणी उकळते आणि हातातोंडावर उसळते. हीटरचे बटण पूर्ण गरमवर ठेवावे, म्हणजे ज्या गाड्यांत हीटरच्या वाटेवर झडप असते तिथली वाटही मोकळी राहते. रेडिएटरच्या तळाशी निचऱ्याची चावी असते. ती बहुधा प्लास्टिकची असते, म्हणून हातानेच सैल करावी आणि बसवताना तिचे रबरी कडे तपासावे. चावी नसेल तर खालचा होज पाइप काढावा. होज चिकटलेला असल्यास तो गोल पिळून सोडवावा. स्क्रू ड्रायव्हरने उचकटला की रेडिएटरची प्लास्टिकची मान तडकते.

निघालेले द्रव मोजणे टाळू नये. रेडिएटरमधून बहुधा निम्म्याच्या आसपास द्रव निघते. बाकीचे इंजिन ब्लॉक आणि हीटरमध्ये राहते. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड व विषारी असते. पाळीव प्राणी ते चाटतात आणि थोड्या प्रमाणानेही दगावतात, म्हणून भांडे उघडे सोडू नये. द्रव गटारात वा मातीत न ओतता टाकाऊ कूलंट स्वीकारणाऱ्या ठिकाणी द्यावे.

द्रव गढूळ किंवा तांबूस असेल, अथवा प्रकार बदलायचा असेल, तर डिस्टिल्ड वॉटर भरून थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) उघडेपर्यंत इंजिन चालवावे, थंड होऊ द्यावे आणि पाणी सोडावे. पाणी स्वच्छ येईपर्यंत हे पुन्हा करावे. नळाचे जड पाणी क्षार साठवते आणि त्यातली क्लोराइडे अ‍ॅल्युमिनियम खातात. गरम इंजिनात थंड पाणी कधीही ओतू नये. सिलिंडर हेडला तडा जाऊ शकतो.

इथेच हिशेब चुकतो. समजा, प्रणाली ७ लिटरची आहे आणि धुतल्यावर ४ लिटर पाणी बाहेर आले. आत ३ लिटर साधे पाणी उरले. त्यावर निम्मे पाणी असलेले ४ लिटर तयार कूलंट ओतले, तर ७ लिटरमध्ये ग्लायकॉल २ लिटरच, म्हणजे जेमतेम २९ टक्के. गंजरोधकेही तितकीच विरळ. योग्य भरणा असा : साडेतीन लिटर शुद्ध, म्हणजे पाणी न मिसळलेले कूलंट आणि अर्धा लिटर डिस्टिल्ड वॉटर. निम्म्याहून कमी पाणी निघाले असेल तर हे प्रमाण गाठताच येत नाही. मग ब्लॉकचा निचरा बोल्ट उघडावा लागतो. शेवटी प्रमाण रिफ्रॅक्टोमीटरने (थेंबभर द्रवातून ग्लायकॉलचे प्रमाण दाखवणारे उपकरण) तपासावे.

भरताना धार बारीक ठेवावी. हवा काढण्याचा स्क्रू असल्यास त्यातून बुडबुड्यांविना सलग धार येईपर्यंत तो उघडा ठेवावा. गाडीचे तोंड चढावर असल्यास हवा झाकणाकडे सरकते. डिझेल इंजिन नुसते सुरू ठेवून फार कमी तापते. थर्मोस्टॅट बराच वेळ बंदच राहतो आणि काम झाल्याचा भास होतो. म्हणून मिनिटाला २००० ते २५०० फेऱ्यांवर इंजिन धरावे. वरचा होज गरम झाल्यानंतर खालचाही गरम झाला, की थर्मोस्टॅट उघडला असे समजावे. पूर्ण थंड झाल्यावर पातळी पुन्हा भरावी, आणि पुढचे काही दिवस रोज सकाळी पाहावी.

डॅशबोर्डामागे खळखळ ऐकू येणे किंवा गरम इंजिनातही हीटरची हवा थंड येणे, ही हवा कोंडल्याची खूण. तापमानाच्या काट्यावर भिस्त ठेवू नये. सेन्सर हवेच्या पोकळीत असला तर इंजिन तापत असूनही काटा खाली राहतो. एक्झॉस्ट वायू थंड करणाऱ्या ईजीआर कूलरमध्ये हवा राहिली तर तिथला भाग अतितप्त होऊन तडकतो, मग कूलंट एक्झॉस्टमध्ये जाते व पांढरा धूर येतो. द्रवावर तेलाचा तवंग दिसल्यास लगेच हेड गॅस्केटला (सिलिंडर हेड व ब्लॉक यांच्यामधल्या सीलला) दोष देऊ नये. अनेक डिझेल इंजिनांत तेल कूलंटनेच थंड होते आणि गळती त्या ऑइल कूलरमध्येही असू शकते. मात्र हवा पूर्ण काढल्यावरही टाकीत बुडबुडे येतच राहिले आणि थंड इंजिन सुरू करताच होज दगडासारखे कडक झाले, तर ज्वलनाचे वायू कूलंटमध्ये शिरत आहेत. अशी गाडी चालवू नये.