‘एमोतिफ’ म्हणजे नेमके कोण?

‘लेझ एमोतिफ आनोनिम’ हा फ्रेंच चित्रपट डिसेंबर २०१० मध्ये प्रदर्शित झाला. डबघाईला आलेल्या चॉकलेट कारखान्याचा बुजरा मालक आणि तितकीच बुजरी कारागीर यांची ही प्रेमकथा. घोळ आहे तो शीर्षकाचा: त्यातल्या ‘एमोतिफ’ या शब्दाचा अर्थ भाषांतरात हरवतो.

लाजाळू माणसासाठी फ्रेंचमध्ये ‘तिमीद’ हा साधा, रोजच्या वापरातला शब्द आहे. फ्रान्समधील एका डॉक्टराने १९०१ मध्ये लाजाळूपणावर लिहिलेल्या स्वतंत्र ग्रंथाच्या नावातही तोच आहे. ‘मी लाजाळू आहे, पण इलाज चालू आहे’ अशा अर्थाचे शीर्षक असलेला एक विनोदी चित्रपट १९७८ मध्ये आला, तेव्हाही तोच शब्द वापरला गेला. त्यातला हॉटेलचा स्वागतकर्मी एका स्वयंघोषित तज्ज्ञाकडून धिटाईचे धडे घेतो, म्हणजे तिथे इलाज हाच विनोदाचा विषय होता. पुढे १९८० मध्ये अमेरिकेतील मनोविकारांच्या वर्गीकरणात ‘सोशल फोबिया’ला, म्हणजे लोकांत वावरण्याच्या तीव्र भीतीला, स्वतंत्र नोंद मिळाली.

२०१० च्या चित्रपटाने मात्र ‘तिमीद’ टाळून ‘एमोतिफ’ घेतला, आणि माझ्या मते सगळे मर्म या निवडीत आहे. एमोतिफ म्हणजे भावनाप्रधान नव्हे आणि प्रेमवेडा तर नव्हेच. भावनेचा धक्का ज्याच्या शरीराला सोसवत नाही, तो एमोतिफ. म्हणूनच नायिका बेशुद्ध पडते आणि नायक पहिल्या भेटीच्या जेवणाला बदलायचे सदरे बॅगेत घालून नेतो, कारण घामाने अंगावरचा सदरा भिजतो. मराठीत ‘भिडस्त’ म्हणावे तर त्यात समोरच्याचा मुलाहिजा येतो, ‘लाजाळू’मध्ये थोडा गोडवा येतो, जनावर बुजते त्या अर्थाने ‘बुजरा’ हाच त्यातल्या त्यात जवळचा.

शीर्षकातला ‘आनोनिम’ म्हणजे निनावी हा शब्द व्यसनमुक्तीच्या चळवळीतून आला. मद्यपींचे निनावी स्वमदत गट १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झाले, १९६० मध्ये फ्रान्समध्ये पोहोचले आणि त्यांची टप्प्याटप्प्याने सावरण्याची ‘बारा पायऱ्यां’ची पद्धत भावनिक त्रासांसाठीही स्वीकारली गेली. चित्रपटाची नायिका भावनिक त्रासांच्या अशाच एका गटाच्या बैठकांना जाते; दिग्दर्शक स्वतःही अशा बैठकांना जात असत आणि त्या अनुभवातूनच हा चित्रपट उभा राहिला, हे त्यांनी उघडपणे सांगितले आहे.

इंग्रजी वितरणात ‘एमोतिफ’च्या जागी ‘रोमँटिक्स’ आले आणि नाव झाले ‘रोमँटिक्स अनॉनिमस’. प्रेमकथेच्या प्रेक्षकाला ते सोयीचे असेलही, पण त्यामुळे एक जडलेली व्याधी निव्वळ प्रेमळ स्वभाव होऊन बसली, आणि मूळ नाव न ऐकलेल्यांना नायिका बैठकांना का जाते हेच शीर्षकावरून कळेनासे झाले. या चित्रपटावरून लंडनमध्ये २०१७ मध्ये आलेल्या संगीत नाटकाने हेच इंग्रजी नाव घेतले. त्यावरच बेतलेल्या २०२५ च्या जपानी मालिकेत चॉकलेट राहिले, बुजरेपणही राहिले, पण तिच्या जपानी शीर्षकाचा अर्थ ‘निनावी प्रेमिक’ असा आहे.