पहिलं उत्तर, एसटीचा तिकीट तपासनीस आणि तीन वाट्यांखालचा शेंगदाणा

परवा आमच्या फॅमिली ग्रुपवर मामाने एक फॉरवर्ड टाकला. वर लाल अक्षरात "फक्त २ टक्के जीनियसच सोडवू शकतात" आणि खाली कोडं: बॅट आणि बॉल मिळून ११०० रुपये, बॅट बॉलपेक्षा १००० रुपयांनी महाग, तर बॉल कितीला? मिनिटभरात सात जणांचं उत्तर आलं, १०० रुपये. त्या सातात मी पण होते, आणि माझी बीएस्सी मॅथ्सची आहे. मामाने नुसते हसून लोळणारे चार इमोजी टाकले तेव्हा कुठे मी थांबून हिशोब केला, बॉल १०० चा तर बॅट ११०० ची, म्हणजे दोन्ही मिळून १२०० झाले की. बॉल ५० रुपयांचा, बॅट १०५० ची. चौथीतल्या पोराला जमेल असं गणित आणि आम्ही सात मोठी माणसं तोंडावर पडलो.

आता हे कोडं काही मामाने शोधलेलं नाही. शेन फ्रेडरिक नावाच्या संशोधकाने २००५ मध्ये तीनच प्रश्नांची एक टेस्ट छापली, त्यातला हा पहिला प्रश्न (तिथे डॉलर होते एवढंच). दुसरा असा, ५ मशीन ५ मिनिटांत ५ वस्तू बनवतात तर १०० मशीनना १०० वस्तू बनवायला किती वेळ? तिसरा प्रश्न तळ्यातल्या कमळाच्या पानांचा, मी आपल्या नद्यांवरची जलपर्णी घेते: जलपर्णी रोज दुप्पट पसरते, ४८ दिवसांत तळं पूर्ण झाकलं, तर अर्धं तळं कितव्या दिवशी झाकलं होतं? उत्तरं ५ मिनिटं आणि ४७ वा दिवस. पण डोक्यात आधी १०० आणि २४ येतं, तुमच्याही आलं असणार.

फ्रेडरिकने जवळजवळ साडेतीन हजार लोकांना हे तीन प्रश्न दिले आणि त्यात बरेचसे चांगल्या कॉलेजातले विद्यार्थी होते. तिन्ही बरोबर आले १७ टक्क्यांचे. ३३ टक्के लोकांना एकही आला नाही. एमआयटीमध्ये (अमेरिकेतली, कोथरूडची नाही) सुद्धा तिन्ही बरोबर असणारे निम्म्यापेक्षा थोडे कमीच, ४८ टक्के. म्हणजे "फक्त २ टक्के" ही फेकाफेक आहे, पण कोडं अवघड जातं हे मात्र खरं.

गंमत ही की यात अवघड असं काहीच नाही. ११०० मधून १००० वजा केले की १०० उरतात, हे मेंदू इतक्या पटकन करून मोकळा होतो की आपल्याला वाटतं झालं गणित. खरं तर आपण विचारलेला प्रश्न सोडून जवळपासचा एक सोपा प्रश्न सोडवलेला असतो. तपासायला पाच सेकंद लागतात पण तपासावंसं वाटायला आधी शंका यायला हवी ना, आणि उत्तर इतकं गुळगुळीत असतं की शंकाच येत नाही. त्यामुळे ही टेस्ट हुशारी कमी आणि हातातलं पहिलं उत्तर धरून ठेवायची सवय जास्त मोजते, असं माझं मत. अगदीच वेगळ्या गोष्टी आहेत असंही नाही, बुद्धिमत्ता चाचणीत चांगले मार्क असणारे यातही साधारण बरे निघतात. पण मी स्वतःच उदाहरण आहे की गणित येत असूनही माणूस १०० म्हणतो.

याहून मला आवडतं ते पीटर वेसन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाचं चार पत्त्यांचं कोडं, १९६६ सालचं. टेबलावर चार पत्ते आहेत, प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर आणि दुसऱ्या बाजूला आकडा. तुम्हाला दिसतंय अ, क, ४ आणि ७. नियम असा की एका बाजूला स्वर असेल तर मागे सम संख्या असलीच पाहिजे. नियम पाळलाय का हे बघायला कमीत कमी कोणते पत्ते उलटायचे?

बहुतेक जण म्हणतात अ आणि ४, किंवा नुसता अ. बरोबर उत्तर अ आणि ७. चारच्या मागे क निघाला तरी काय बिघडलं, व्यंजनाबद्दल नियमात काही म्हटलंच नाहीये. पण सातच्या मागे स्वर निघाला तर नियम मोडला. हे कोडं असं कोरडं दिलं की साधारण दहातला एखादाच बरोबर येतो.

आता हेच कोडं दुसऱ्या कपड्यात बघा. तुम्ही एसटीत तिकीट तपासनीस आहात. ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना आपल्याकडे एसटी फुकट आहे हे माहितीच असेल. समोर चार जण. एकाच्या हातात फुकटचं तिकीट आहे पण मफलर गुंडाळलाय, वय कळत नाही. दुसऱ्याच्या हातात पैसे देऊन काढलेलं तिकीट, त्याचंही वय कळत नाही. तिसरे आजोबा ८० चे आहेत हे तुम्हाला पक्कं ठाऊक, तिकीट खिशात. चौथे काका ६० चे, त्यांचंही तिकीट खिशात. कोणाला हटकाल?

हटकणार मफलरवाल्याला आणि ६० वाल्या काकांना, क्षणाचाही विचार न करता. ८० च्या आजोबांनी पैसे देऊन तिकीट काढलं असेल तर काढू देत बापडे, आपलं काय जातंय. मी हे आमच्या आईला विचारलं, भाजी निवडता निवडता, तिने मेथीवरची नजर न हलवता उत्तर दिलं. पत्त्यांवर मात्र तिने "४ बघायला नको का?" म्हणून मलाच वेड्यात काढलं होतं. आणि ही दोन कोडी एकच आहेत, एकाला एक जुळतात. फुकट तिकीट म्हणजे अ, पैशाचं तिकीट म्हणजे क, ८० म्हणजे ४ आणि ६० म्हणजे ७.

एसटीची गोष्ट मी रचलीये पण कल्पना जुनी आहे. ग्रिग्ज आणि कॉक्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये फ्लोरिडात विद्यार्थ्यांना असंच विचारलं, फक्त त्यांच्या प्रश्नात बिअर, कोक आणि दारू पिण्याचं कायदेशीर वय होतं. चारातल्या जवळजवळ तिघांना बरोबर आलं. हे असं का होतं यावर मानसशास्त्रज्ञांची भांडणं अजून चालू आहेत. कोणी म्हणतं फसवणारा माणूस हुडकायला आपला मेंदू खास तयार झालाय, कोणी म्हणतं छे, परवानगीचे नियम आपण लहानपणापासून वापरत आलोय म्हणून ते सोपे जातात. मला दुसरं जास्त पटतं. पण मग पत्त्यांवर अडकलेल्या माणसाला "ढ" म्हणायचं की "हुशार", सांगा. दोन मिनिटांत दोन्ही कसा होईल तो?

बरं, हुशार म्हणून ज्यांची जगभर ख्याती आहे ते तरी सुटतात का? १९९० मध्ये अमेरिकेतल्या एका साप्ताहिक पुरवणीत सदर लिहिणाऱ्या मॅरिलिन वॉस सॅव्हंट (सावंत नव्हे, मी पण आधी तसंच वाचलं होतं) यांनी एका वाचकाच्या प्रश्नाला उत्तर दिलं. तीन दारं, एकामागे गाडी, दोनांमागे बकऱ्या. तुम्ही एक दार निवडता. मागे काय आहे हे माहीत असलेला होस्ट उरलेल्यातलं बकरीवालं एक दार उघडून दाखवतो आणि विचारतो, बदलायचंय? बाई म्हणाल्या बदला, तुमचा चान्स दुप्पट होतो. त्यावर सुमारे दहा हजार पत्रं आली, बरीचशी "तुम्ही चुकताय" सांगणारी, आणि जवळपास हजार पत्रांखाली पीएचडीवाल्यांच्या सह्या होत्या. पॉल एर्डोशसारख्या दिग्गज गणितज्ञालाही कॉम्प्युटरवर खेळ पुन्हा पुन्हा चालवून दाखवेपर्यंत पटलं नव्हतं.

मलाही कागदावर पटायचं नाही, म्हणून मागच्या रविवारी भाचीला घेऊन बसले. तीन स्टीलच्या वाट्या उपड्या, एकीखाली शेंगदाणा. ती वाटी निवडणार, मी उरलेल्या दोनातली रिकामी उचलून दाखवणार. आमची भाची महा हट्टी, "मी नाही बदलणार" म्हणून तीसच्या तीस वेळा पहिल्याच वाटीवर अडून बसली. शेंगदाणा मिळाला ११ वेळा. म्हणजे उरलेल्या १९ वेळा तो दुसऱ्या वाटीखाली होता, बदललं असतं तर १९ मिळाले असते. हे तिच्याच लक्षात आलं आणि ती गप्प बसली, मग म्हणाली, "पण मी पहिल्यांदाच चुकीची वाटी उचलतेय जास्त वेळा." अगं तेच तर! तीनात एकदाच पहिला अंदाज बरोबर असतो, बाकी दोनदा चूक, आणि चूक असेल तेव्हा मला नाइलाजाने दुसरी रिकामी वाटी उचलावी लागते, मग शेंगदाणा राहतो तिसरीखाली. मात्र मी न बघता कुठलीही वाटी उचलत असते आणि ती नशिबाने रिकामी निघाली असती तर मामला अर्धा अर्धा, हे लोक विसरतात.

२०१० मध्ये दोन संशोधकांनी हाच खेळ कबुतरांना दिला, दाण्याच्या बक्षिसावर. कबुतरं महिनाभरात जवळजवळ दरवेळी बदलायला शिकली, कॉलेजची मुलं मात्र कितीतरी खेळ होऊनही तेवढी सुधारली नाहीत. कबुतराला थिअरी नसते, त्याला फक्त दाणे मोजायचे असतात.

आता कोडी सोडवून डोकं वाढतं का, हा प्रश्न मला सुडोकूवाले काका हमखास विचारतात. आमच्या वेळी चौथीला आणि सातवीला स्कॉलरशिप असायची, बुद्धिमत्ता चाचणीचा पेपर, सकाळी सातला जादा तास. आरशातली प्रतिमा, संख्यामालिका, "फोटोतल्या बाईच्या भावाचे वडील माझ्या आजोबांचे कोण" छाप नाती. महिनाभर घोटल्यावर मी नाती पेन न उचलता सोडवायचे, पण त्याने मी हुशार झाले नाही, नात्यांच्या प्रश्नात पटाईत झाले. मेंदूशास्त्रज्ञ एड्रियन ओवेन आणि मंडळींनी २०१० मध्ये 'नेचर'मध्ये मांडलं तेही हेच, ११,४३० लोकांनी सहा आठवडे ब्रेन ट्रेनिंगचे खेळ खेळले, ज्याची प्रॅक्टिस केली त्यात सुधारले आणि बाकी कशात म्हणावा असा फरक नाही. सुडोकू सोडवा जरूर, मजा येते म्हणून सोडवा.

शेवटी मामाला उत्तर म्हणून ग्रुपवर मी एक टाकलं, संगणकशास्त्रज्ञ हेक्टर लेवेक यांच्या कोड्यातली नावं बदलून. राजू सुमनकडे बघतोय, सुमन गणेशकडे बघतेय. राजूचं लग्न झालंय, गणेशचं नाही. लग्न झालेलं कोणीतरी लग्न न झालेल्याकडे बघतंय का? हो, नाही, की सांगता येत नाही?

सगळ्यांनी "सांगता येत नाही" लिहिलं, मामाने तर लगेच. उत्तर "हो" आहे: सुमन अविवाहित असेल तर राजू तिच्याकडे बघतोय, विवाहित असेल तर ती गणेशकडे बघतेय. दोन्ही शक्यता करून बघायचा कंटाळा केला की फसलात. हे सगळं मी व्यवस्थित टाइप करून पाठवलं, दहा मिनिटं शांतता, आणि मग मावशीचा मेसेज आला, "ते सगळं ठीक आहे गं, पण लग्न झालेला राजू सुमनकडे बघतोय कशाला?"