कुलरचा करंट आणि मे महिन्यातली माती

नागपुरात पारा ४५ अंशांकडे सरकला की खिडक्याखिडक्यांत लोखंडी कुलर घरघरू लागतात. पत्र्याची बॉडी, तळाशी पाणी, त्यात बुडालेला पंप आणि २३० व्होल्ट. करंट लागून कोणी दगावलं की लोक म्हणतात, अर्थिंग नसेल. पण अर्थिंग असूनही माणूस मरू शकतो, आणि तेही ऐन मे महिन्यात.

कुलरमधलं पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. ताट्यांवर साचणारा पांढरा थर तोच. टाकीतलं पाणी दिवसेंदिवस अधिक क्षारयुक्त होतं, म्हणजेच विजेला अधिक वाट देतं. पंपाच्या वायरीचं इन्सुलेशन तडकलं की फेज, म्हणजे जिवंत तारेतली वीज, पत्र्यावर उतरतो. ओल्या अंगाचा रोध साधारण १००० ओहम धरला, तर अंगातून २३० मिलिअँपिअर वाहतील. हृदयाची लय बिघडायला याच्या निम्मेही पुरतात.

आता अर्थिंगचा हिशेब. पत्रा तारेने अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्याशी जोडलेला असतो. त्या खड्ड्याचा रोध पावसाळ्यात १० ओहम असेल, तर फॉल्ट झाल्यावर २३ अँपिअर मातीत जातात आणि ६ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाला की वीज तोडणारा स्विच, पडतो. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, खड्ड्यात पुरलेल्या इलेक्ट्रोडपासून सुटते. रोध ५० ओहमवर गेला, तर प्रवाह उरतो जेमतेम ४.६ अँपिअर. एमसीबी ढिम्म हलत नाही. पत्रा मात्र जवळजवळ पूर्ण २३० व्होल्टवर तसाच राहतो! खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायची जुनी पद्धत म्हणूनच अडाणीपणाची नव्हती.

आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती ओळखणारा स्विच, वेगळ्या तत्त्वावर चालतो. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून परत आला की नाही, एवढंच तो पाहतो. दोन्ही तारा एका लोहकड्यातून जातात. प्रवाह सारखे असले की त्यांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना खोडून काढतात. फरक ३० मिलिअँपिअर झाला की ०.३ सेकंदाच्या आत तो वीज तोडतो. खड्डा कोरडा असला, तरी अंगातून जाणारी गळती त्याला कळते. त्यावरचं टेस्ट बटण महिन्याकाठी एकदा दाबावं. बहुतेक घरांत ते कधीच दाबलं जात नाही.

तरीही अर्थिंग हवंच. ते असलं तर आरसीसीबी माणसाचा हात लागण्याआधीच पडतो. थ्री पिनची जाड, अर्थिंगची पिन लांब ठेवलेली असते ती सॉकेटमध्ये सर्वांत आधी टेकावी म्हणून. टू पिनच्या बोर्डात बसवायला ती कापणं म्हणजे शुद्ध वेडेपणा.

आणि कुलरमध्ये पाणी भरताना नुसतं बटण बंद करून भागत नाही. जुन्या वायरिंगमध्ये कधीकधी बटण न्यूट्रलवर असतं; पंखा थांबतो, पण फेज आतच राहतो. प्लगच काढावा, तोही कोरड्या हाताने.