खान्देशातली केळी आणि टिकाऊ शेती

खान्देशातली टिकाऊ केळीशेती म्हणजे जळगाव, धुळे, नंदुरबार या भागात केळी लावताना, कापताना आणि विकताना पाणी, माती आणि मागं उरणारा पसारा असा सांभाळायचा की पुढच्या बागेलाही काहीतरी शिल्लक राहील. सरकारी कागदावर याला शाश्वत शेती म्हणतात. बांधावर हा शब्द कोणाच्या तोंडात नसतो, तिथं विचारतात की बोअरला पाणी किती उरलंय आणि यंदा अजून दोन एकर झेपेल का.

मुख्य पट्टा सातपुड्याचा पायथा आणि तापी यांच्या मधला, रावेर, यावल, चोपडा, शिवाय मुक्ताईनगर, आणि पश्चिमेकडे शिरपूर-शहाद्याची बाजू. जळगावच्या केळीला २०१६ मधे भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, मिळालं, तो अर्ज रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीच्या निसर्गराजा कृषी विज्ञान केंद्राचा होता. मे महिन्यात इथं पारा ४५ च्या वर जातो आणि केळी हे मुळात दमट हवेतलं, पाणीपिऊ झाड, तरी ते इथंच एवढं का रुजलं हा प्रश्न बाहेरच्या माणसाला पडतोच. उत्तर जमिनीत आहे. काळी कसदार माती, वर्षानुवर्ष हाताशी असलेलं विहिरीचं पाणी, आणि सावदा-रावेर-निंभोऱ्याहून थेट उत्तरेला माल नेणारी रेल्वे.

लागवडीचे दोन हंगाम, जून-जुलैची मृगबाग आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची कांदेबाग. पूर्वी कंद लावायचे आणि घड कापायला येईस्तोवर दीड वर्ष जायचं. १९९० नंतरच्या दशकात ग्रँड नैन जातीची टिश्यूकल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली, रोपं आली आणि तेच काम ११-१२ महिन्यांवर आलं, झाडं एकाच वेळी निसवायला (केळफूल बाहेर टाकायला) लागली म्हणजे कापणीही एकदम, मजुरांचं आणि ट्रकचं गणित सोपं झालं. पिकाचे दिवस कमी म्हणजे पाणीही कमी, इथपर्यंत सगळं चांगलंच आहे.

त्याच्या थोडं आधी, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, ठिबक आलं. जळगावच्या भवरलाल जैन यांच्या जैन इरिगेशननं ते या भागात गावोगाव पोचवलं, आणि आज केळी म्हटलं की ठिबक हे गृहीतच धरलेलं असतं, मोकाट पाणी देणारा शेतकरी शोधावा लागेल. पहाटे लाइट आली की मोटर चालू करायची, सँड फिल्टरचा काटा बघायचा, व्हॉल्व्ह फिरवायचा आणि मग चप्पल हातात घेऊन ओळीओळीनं फिरत कुठला ड्रीपर, म्हणजे नळीवरची थेंब सोडणारी तोटी, चोक झालाय ते बघायचं. माझे मामा हे काम बॅटरी न लावता करतात, पायाला माती कोरडी लागली की तिथं थांबतात. क्षारानं ड्रीपर बसले असतील तर ॲसिड सोडायचं. खतही याच नळ्यांतून जातं, युरिया आणि पोटॅश थोडं थोडं, म्हणून गोणीभर खत एकदम टाकून निम्मं पाण्याबरोबर खाली घालवायचा जुना प्रकार बराच कमी झाला.

आता गणित बघा. ५ बाय ५ फुटांवर एकरी १,७४२ झाडं बसतात. मेमधे एका झाडाला दिवसाला २० लिटरच्या आसपास पाणी धरलं तर एकराला जवळपास ३५ हजार लिटर, म्हणजे १२ हजाराचे तीन टँकर, रोज. आणि हे ठिबकवरचं. मोकाट पाण्यात याहून कितीतरी जास्त लागायचं, त्यामुळे ठिबकनं पाणी वाचवलं हे खरंच आहे, पण वाचलेलं पाणी जमिनीत राहिलं नाही, ते शेजारच्या कोरडवाहू तुकड्यात गेलं. जिथं पूर्वी ज्वारी-कापूस होता तिथं बाग उभी राहिली, तीन एकराची पाच एकर झाली. यात शेतकऱ्याला दोष द्यायचा कशाला, हातात पैसा देणारं पीक असताना नळी वाढवायची नाही असं कोण ठरवेल, आणि अनुदान ठिबकला आहे, बोअरचं मोजमाप कुठं आहे? केंद्रीय भूजल मंडळाच्या मूल्यमापनात रावेर आणि यावल हे तालुके अतिशोषित म्हणून नोंदले गेले, म्हणजे दरवर्षी जेवढं मुरतं त्यापेक्षा जास्त उपसलं जातं. विहिरी गेल्या, बोअर आल्या, त्याही शेकडो फूट खाली. जेवढं खाली जाल तेवढी मोटर मोठी आणि वीजही जास्त, हा खर्च पाणीबचतीच्या हिशोबात कोणी धरत नाही.

याच खान्देशात याच्या अगदी उलट रीत होती आणि काही ठिकाणी अजून तग धरून आहे. धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवर, आणि शेजारच्या नाशिक जिल्ह्यात मोसम-आरमवर, तीनेकशे वर्षांपासून चालत आलेली फड पद्धत. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटातून चाऱ्या, जास्तीचं पाणी परत नदीत सोडायला सांडम. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडलेले, आणि एका फडात त्या वर्षी एकच पीक. उसाचा फड ठरला तर सगळ्यांचा ऊस, भुसाराचा ठरला तर सगळ्यांचं भुसार, पाणी कमी असेल तर एखादा फड पडीक. बहुतेक शेतकऱ्यांची जमीन वेगवेगळ्या फडांत विखुरलेली असायची म्हणून फायदा-तोटा सगळ्यांच्याच वाट्याला यायचा. पाणी सोडायला पाटकरी, राखायला जागल्या. दरवर्षी पीक बदलल्यानं जमीनही खारवत नव्हती. वरच्या अंगाला धरणं झाली, विहिरींवर मोटरा आल्या, आणि ज्याचं त्याचं पाणी झाल्यावर बरेच फड मोडले. फडात जातीपातीचे, मोठ्या-लहान खातेदारांचे ताण नव्हते असं कोणी म्हणणार नाही, पण यंदा किती लावायचं हे पाणी बघून आणि सगळ्यांनी मिळून ठरायचं. केळीपट्ट्यात ही गोष्ट कधी नव्हतीच, कारण पाणी प्रत्येकाच्या स्वतःच्या विहिरीतलं.

पाणी परत मुरवायचा विचार मात्र जुना आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा, भरड वाळूचा एक पट्टा आहे, भूवैज्ञानिक त्याला बझाडा म्हणतात, तिथं पाणी सोडलं की ते झपाट्यानं खाली जातं. पावसाळ्यात तापीचं वाहून जाणारं पाणी कालव्यानं या पट्ट्यात सोडायचं, ही तापी मेगा रिचार्ज योजना, तिच्यावर वर्षानुवर्ष नुसती चर्चा झाली आणि १० मे २०२५ ला महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशानं भोपाळला करार केला. महाराष्ट्राच्या वाट्याला १९.३६ टीएमसी (अब्ज घनफूट) आणि मध्य प्रदेशच्या ११.७६. तोवर लोक आपापल्या परीनं नाल्यात बांध घालतात, बोअरशेजारी खड्डा खणून पावसाचं पाणी उतरवतात.

बागेतला पसारा हा वेगळाच विषय. घड कापला की ते झाड संपलं, उभं खोड राहतं आणि त्यात ९० टक्क्यांच्या वर पाणीच असतं. पूर्वी खोडं ओढून बांधावर टाकायचे, वाळली की काडी. आता बरेच जण रोटाव्हेटरनं तिथंच बारीक करून जमिनीत गाडतात किंवा ओळींमधे आच्छादन म्हणून पसरतात, उन्हाळ्यात ओल टिकते आणि पोटॅशही जमिनीला परत मिळतं. खोडापासून धागा काढायची मशीन आली, दोऱ्या-पिशव्या-चटया होतात, पण ओलं, जड खोड मशीनपर्यंत वाहून न्यायलाच एवढा खर्च येतो की धागा महाग पडतो. एका गोष्टीत मात्र हयगय नको, सीएमव्ही, म्हणजे कुकुंबर मोझॅक व्हायरस, लागलेलं झाड. हा विषाणू मावा या किडीमार्फत पसरतो, औषध नाही, झाड उपटून नष्टच करावं लागतं, आणि म्हणूनच केळीत काकडी-भोपळा-मिरची लावू नका असं सांगतात कारण तोच विषाणू तिथंही राहतो.

उन्हाच्या झळा आणि वारा अडवायला बागेच्या कडेनं शेवरी लावायची जुनी पद्धत. हल्ली तिच्या जागी हिरवी नेट दिसते. शेवरीचा पाला शेळ्यांना चालायचा, नेट तीन-चार उन्हाळ्यात फाटते.

बाजाराचं म्हणाल तर भाव बघायचा रोज बऱ्हाणपूरचा आणि रावेरचा. तिथं रासेचं, म्हणजे घडाचं, वजन, फळाची लांबी आणि डाग बघतात. निर्यातीचा माल वेगळा, आखातात जाणाऱ्या कंटेनरला १३-१४ अंश तापमान लागतं, ग्लोबलगॅपसारखं चांगल्या शेतीपद्धतीचं प्रमाणपत्र मागतात तेव्हा फवारणीची वही ठेवावी लागते, कुठलं औषध कधी मारलं ते तारखेसकट. पिकवायला कॅल्शियम कार्बाइडवर बंदी आहे, चेंबरमधे इथिलीन सोडतात. पण डाग नको म्हणून प्रत्येक घडाला स्कर्टिंग बॅग, म्हणजे घड झाकणारी निळी पिशवी, चढते, निर्यातीसाठी फण्यांमधे फोमचे तुकडे घालतात. ठिबकची जुनी नळी, लॅटरल, भंगारवाला किलोवर घेऊन जातो, या निळ्या पिशव्या मात्र तो घेत नाही. कापणी झाली की त्या बांधावर पडतात आणि पहिल्या वादळात उडून नाल्यातल्या बाभळींना जाऊन अडकतात, पाऊस पडेपर्यंत तिथंच फडफडत असतात.